वसंतातील वनोद्यान व सहचर पुष्पांची निवड : इंग्लंडमधील एका उद्यानविचाराचा इतिहास

१

उद्यानकलेच्या इतिहासलेखनात वृक्षराजी, जलाशय, शिल्पे व प्रासाद यांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे झाडांच्या तळाशी उगवणाऱ्या लहान फुलझाडांना मिळालेले नाही. वृक्ष शतकानुशतके उभा राहतो, प्रासादाचे नकाशे दप्तरात जपले जातात. फुलझाडाचा बहर मात्र दोन-तीन आठवड्यांत ओसरतो आणि मागे फारसा पुरावा ठेवीत नाही. असे असले तरी, झाडाखालच्या जमिनीत कोणत्या फुलाच्या सोबतीस कोणते फूल लावावे, या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाची जी उत्तरे इंग्लंडमध्ये इ. स. १८७० पासून दिली गेली, ती अभ्यासकाने दुर्लक्षावीत अशी नाहीत. निसर्ग कशास म्हणावे, देशी कोण व परके कोण, आणि माणसाने निसर्गात कोठवर हात घालावा, यांविषयीच्या कल्पना कशा पालटत गेल्या हे या उत्तरांतून स्पष्ट होते. प्रस्तुत निबंधात त्यांचा कालक्रमाने परामर्श घेण्याचे योजिले आहे.

प्रथम ऋतुमानाचा भेद ध्यानी घेणे अवश्य आहे. सह्याद्रीच्या पानझडी रानात पाने गळतात ती शिशिराच्या अखेरीस व वसंताच्या आरंभी. तेव्हा जमिनीवर ऊन मुबलक पडते, पण जमीन कोरडी असते. म्हणून रानहळद, पांढरी मुसळी यांसारखी कंदवर्गीय झाडे पहिल्या पावसाची वाट पाहतात. इंग्लंडमधील स्थिती याच्या उलट आहे. तेथे जमीन हिवाळाभर ओली असते. उणीव असते ती उबेची व प्रकाशाची. ओक, हेझल, बर्च हे वृक्ष शरदात पर्णहीन होतात आणि एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत पुन्हा पानांनी झाकले जातात. फेब्रुवारी ते मे या अवधीत, हवा उबदार होऊ लागली आहे आणि वर छत अद्याप मिटलेले नाही, अशी एक फट राहते. वनातील वसंतपुष्पांचे सारे जीवन या फटीत सामावलेले आहे. प्रथम स्नोड्रॉप, मग प्रिमरोज व रानडॅफोडिल, त्यानंतर पांढरी रान-ॲनिमोनी आणि शेवटी, छत मिटता मिटता, निळी ब्लूबेल असा त्यांचा साधारण क्रम असतो. यांपैकी कित्येक झाडे जूनपर्यंत पाने टाकून जमिनीखाली कंदरूपाने निद्रिस्त होतात. अर्थात वनोद्यानात सोबती निवडावयाचा तो केवळ जागेसाठी नव्हे, तर काळासाठीही निवडावा लागतो. ही गोष्ट आज सरळ वाटते. परंतु ती पूर्णपणे उमगण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

२

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील धनिकांच्या बागांत भूमितीच्या आकृतींप्रमाणे आखलेल्या वाफ्यांची पद्धत रूढ होती. काचगृहात वाढविलेली पेलार्गोनियम, लोबेलिया, कॅल्सिओलारिया यांची रोपे उन्हाळ्याच्या तोंडाशी आणून वाफ्यांत दाटीने लावीत आणि थंडी पडताच उपटून टाकीत. या पद्धतीत शेजारी फूल निवडण्याची कसोटी एकच होती, ती म्हणजे रंग व उंची. झाडाचे मूळ स्थान, त्याचे आयुष्य, त्याची मुळे यांचा विचार करण्याचे कारणच नव्हते, कारण हे साहचर्य चार महिन्यांत संपुष्टात यावयाचे होते.

या पद्धतीवर सर्वांत तीव्र हल्ला चढविला तो विल्यम रॉबिन्सन याने. १८३८ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला हा माळी १८६१ साली लंडनला आला व रीजंट्स पार्कमधील वनस्पतिसंस्थेच्या बागेत नोकरीस लागला. तेथे त्याच्याकडे बाराही महिने उघड्यावर तग धरणाऱ्या झाडांची आणि इंग्लंडमधील रानफुलांची देखरेख होती. १८७० साली त्याचा ‘द वाइल्ड गार्डन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी त्याने ‘द गार्डन’ हे साप्ताहिक सुरू केले. त्याचे म्हणणे असे की, परदेशातील जी झाडे इंग्लंडच्या थंडीत टिकतात, ती वाफ्यात न लावता गवतात, कुंपणाच्या कडेस व राईत अशा ठिकाणी लावावीत की जेथे पुढे त्यांची निगा राखावी लागणार नाही. ग्रीस-इटलीकडील निळ्या ॲनिमोनी, डॅफोडिल, हिमपुष्पे व क्रोकस हे पर्णहीन वृक्षांखाली फुलून, झाडांना पालवी फुटण्यापूर्वी आपले काम उरकून घेतात, हे त्याने आग्रहाने प्रतिपादिले. वाफ्यात एक झाड सुकले की तेथे डोळ्यांत खुपणारे खिंडार पडते. राईत मात्र ते शेजारच्या पाल्यात झाकून जाते, हाही त्याचा एक युक्तिवाद होता.

‘वाइल्ड’ या विशेषणाने बराच गैरसमज झाला. मराठीत ‘रानटी’ म्हटले असता असंस्कृतपणाचा बोध होतो व ‘रानातील’ म्हटले असता केवळ स्थळाचा. इंग्रजी शब्दात या दोन्ही छटा एकत्र नांदतात. त्यामुळे बाग ओसाड टाकण्याचा किंवा केवळ देशी झाडे लावण्याचा हा उपदेश आहे, असे कित्येकांनी मानले. रॉबिन्सनला अभिप्रेत होते ते याहून वेगळे. त्याच्या याद्यांतील बहुसंख्य झाडे परदेशी होती. निसर्गाकडून त्याला मांडणी घ्यावयाची होती, पात्रे नव्हेत. १८८४-८५ च्या सुमारास ससेक्स परगण्यातील ग्रेव्हटाय हे जुने घर व त्याभोवतीची जमीन विकत घेतल्यावर त्याने तेथील राईत व कुरणांत डॅफोडिलचे कंद फार मोठ्या प्रमाणावर लावले आणि १९३५ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच प्रयोग चालविले.

रॉबिन्सनच्या विचारातील बलस्थान व दौर्बल्य एकाच ठिकाणी आहे. झाडाला त्याच्या स्वभावास मानवेल अशी जागा द्यावी, हा त्याचा सिद्धांत चिरस्थायी ठरला. पण एकदा लावल्यावर पुन्हा हात लावावा लागू नये, ही त्याची दुसरी अपेक्षा मात्र धोक्याची होती; कारण निगेवाचून सर्वांत उत्तम वाढते ते झाड शेजाऱ्यासही सर्वांत चांगले असेलच, असे नाही.

३

रॉबिन्सनच्या साप्ताहिकात लिहिणाऱ्यांपैकी गर्ट्रूड जीकिल (१८४३–१९३२) हिने या प्रश्नाला निराळे वळण दिले. तिचे शिक्षण लंडनमधील साउथ केन्सिंग्टन कलाशाळेत चित्रकलेचे झाले होते. तीव्र ऱ्हस्वदृष्टीमुळे तिला बारीक काम पुढे सोडावे लागले. सरे परगण्यातील मन्स्टेड वुड येथे सुमारे १५ एकर जमीन तिने १८८० नंतरच्या काही वर्षांत घेतली. तेथील पाइन वृक्षांची तोड पूर्वीच झालेली होती व मोकळ्या जमिनीवर बर्च, ओक, हॉली, चेस्टनट यांची रोपे आपोआप उगवली होती. जीकिलने तेथे नवे वृक्ष फारसे लावले नाहीत. असलेले विरळ केले. प्रत्येक भागात एका जातीचे वृक्ष प्रमुख राहतील अशा बेताने तिने तोड केली आणि मग प्रत्येक भागाच्या तळाशी काय शोभेल याचा विचार केला.

‘वुड अँड गार्डन’ (१८९९) व ‘कलर इन द फ्लॉवर गार्डन’ (१९०८) या तिच्या ग्रंथांत सहचर पुष्पांचा विचार प्रथमच तपशिलात उतरलेला आढळतो. लोक तिला मुख्यतः रंगसंगतीची आचार्या मानतात आणि ते खोटे नाही. तिच्या प्रिमरोजच्या बागेत पांढऱ्या व पिवळ्या छटांचीच फुले होती. ही जात तिने स्वतः वर्षानुवर्षे निवड करून तयार केली होती आणि तिच्या शेजारी अन्य रंगास तिने थारा दिला नाही. परंतु रंगापेक्षाही महत्त्वाच्या अशा दोन गोष्टी तिने दाखवून दिल्या.

पहिली गोष्ट आकाराची. राईतील डॅफोडिल तिने गोल ताटव्यांत न लावता लांबट, निमुळत्या पट्ट्यांत लावले. त्यासाठी तिने राईतून गेलेल्या ओझ्याच्या घोड्यांच्या जुन्या वाटांच्या उथळ खाचांचा उपयोग करून घेतला. असा पट्टा दोन झाडांच्या सीमारेषेवर एकात एक मिसळतो आणि लावणाऱ्याचा हात दिसू देत नाही. दुसरी गोष्ट काळाची. डॅफोडिल व तत्सम कंदांची पाने फूल गेल्यावर सहा-आठ आठवडे पिवळी पडत लोळत राहतात. ती कापता येत नाहीत, कारण पुढील वर्षीच्या फुलाचे अन्न त्या पानांतूनच कंदात उतरते. जीकिलने या कंदांच्या मधून नेचे लावले. फुले उमललेली असतात तेव्हा नेच्याचे कोंब मिटलेले असतात. पाने लोळू लागतात तेव्हा नेच्याची पाती उलगडून त्यांना झाकतात. येथे ‘सहचर’ या शब्दाचा अर्थच बदलला. एकाच वेळी शेजारी फुलणारे ते सहचर, हा पूर्वीचा अर्थ. एकाच्या उताराच्या काळात दुसऱ्याने जागा सावरावी, हा नवा अर्थ. नेच्याला फूल नाही, तरी वसंतोद्यानातील तोच सर्वांत उपयोगी सोबती ठरला.

४

याच काळात वनोद्यानाचा चेहरामोहरा बदलून टाकणारा दुसरा एक प्रवाह पूर्वेकडून येत होता. जोसेफ डाल्टन हूकर याने १८४८ ते १८५० या काळात सिक्कीम व आसपासच्या हिमालयीन प्रदेशातून ऱ्होडोडेंड्रॉनच्या अनेक जाती गोळा केल्या. त्यांवरील त्याचा सचित्र ग्रंथ १८४९ ते १८५१ या काळात प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युन्नान, तिबेट व ब्रह्मदेश येथून आणखी जाती आल्या. हॅम्पशरमधील एक्सबरी येथे लायोनेल द रॉथ्सचाइल्ड याने १९१९ नंतर उभारलेले वनोद्यान किंवा विंडसर येथे एरिक सॅव्हिल याने १९३२ साली आरंभिलेले उद्यान, ही या संपत्तीची ठळक उदाहरणे होत. एफ. एम. बेली याने १९१३ साली तिबेटात पाहिलेल्या निळ्या पॉपीचे बी फ्रँक किंग्डन-वॉर्ड याने १९२४-२५ च्या प्रवासात आणले. १९२६ साली ती इंग्लंडमध्ये फुललेली पाहण्यास लोकांची झुंबड उडाली.

या समृद्धीमुळे निवडीचा प्रश्न सुटण्याऐवजी अधिक बिकट झाला. हूकरच्या झाडांना चुनाविरहित, आम्लधर्मी जमीन, दमट हवा व वाऱ्यापासून आसरा हवा. इंग्लंडच्या पश्चिम व दक्षिण भागांतील काही ठिकाणे सोडली तर हे सर्व एकत्र मिळत नाही. निळी पॉपी दमट स्कॉटलंडमध्ये रमली. कोरड्या आग्नेय इंग्लंडमध्ये तिने अनेकांना निराश केले. त्याहून सूक्ष्म अडचण अशी की, बहुतेक मोठी ऱ्होडोडेंड्रॉन सदाहरित आहेत. ओकच्या खाली वसंतात जी प्रकाशाची फट मिळते, ती ऱ्होडोडेंड्रॉनच्या खाली वर्षभर बंद असते. झुडुपाच्या थराची निवड करताना केवळ त्याच्या फुलाकडे पाहिले, तर तळाशी असलेल्या प्रिमरोजचा व ॲनिमोनीचा बळी जातो. पडदा उघडतो केव्हा आणि मिटतो केव्हा, हे प्रथम ठरवून मगच तळाच्या फुलांकडे वळावे लागते, हा धडा या काळातील अनुभवाने मिळाला.

दोन महायुद्धांनंतर माळ्यांचा ताफा ठेवणे बहुतेकांना अशक्य झाले. सॉमरसेटमधील ईस्ट लॅम्ब्रुक येथे १९३७ साली जुने घर घेतलेल्या मार्जरी फिश (१८९२–१९६९) यांनी स्नोड्रॉप, हेलेबोर, प्रिमरोज अशी जुनी, साधी झाडे एकमेकांत विणून जमीन झाकण्याची पद्धत लोकप्रिय केली. सावलीतील बागेवरील त्यांचा ग्रंथ १९६४ चा आहे. जमिनीलगत पसरणारे झाड तण आवरते व ओल राखते, म्हणून ते माळ्याच्या मजुरीची भरपाई करते, हा विचार या पिढीचा होता.

५

वनस्पतिशास्त्राने या व्यवहारात लक्ष घातले ते उशिरा. ए. जी. टॅन्स्ली याच्या संपादनाखाली १९११ साली ब्रिटनमधील वनस्पतिसमूहांचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि कोणती झाडे स्वभावतः एकत्र राहतात हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय बनला. जर्मनीत वाइहेनस्टेफान येथे रिखार्ड हान्सेन याने १९४७ पासून बहुवर्षायू झाडांच्या प्रायोगिक उद्यानात वर्षानुवर्षे निरीक्षणे केली. वृक्षतळ, वनाची कड, मोकळी जमीन, खडकाळ जागा, पाण्याचा काठ अशा अधिवासांप्रमाणे त्याने झाडांची विभागणी केली, आणि कोणते झाड एकटे शोभते, कोणते चारपाचांच्या गटाने लावावे व कोणते मोठ्या संख्येने पसरू द्यावे, हेही ठरविले. फ्रीडरिख श्टाल याच्यासह लिहिलेला त्याचा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये बेथ चॅटो (१९२३–२०१८) यांनी एसेक्समधील आपल्या बागेत हाच मार्ग अवलंबिला; झाडांच्या मूळ अधिवासांचा त्यांच्या पतीने आयुष्यभर केलेला अभ्यास त्यास आधारभूत होता. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात तेथील ओक वृक्ष कोसळल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी वनोद्यान रचले, ही घटना बोलकी आहे. प्रकाशाची फट वादळाने उघडली. तिचा उपयोग कोणी करावयाचा हे माणसाने ठरविले.

इतिहासकारांच्या संशोधनाने याच सुमारास आणखी एक समज मोडून काढला. रॉबिन्सनने ज्या फुललेल्या राईला निसर्गाचा नमुना मानले, ती राई अस्पर्श नव्हती. ऑलिव्हर रॅकहॅम याने दाखवून दिल्याप्रमाणे इंग्लंडमधील पुष्कळ जुन्या वनांत हेझल, ॲश इत्यादी झाडे ठराविक वर्षांनी बुंध्यापाशी तोडीत आणि उसाच्या खोडव्याप्रमाणे त्यांस पुन्हा धुमारे फुटू देत. कुंपण, सरपण व अवजारे यांसाठी ही तोड मध्ययुगापासून चालत आली होती. तोड झाली की जमिनीवर ऊन पडे आणि पुढील दोन-तीन वसंतांत प्रिमरोज, ॲनिमोनी व व्हायोलेट यांना अपूर्व बहर येई. कोळसा व लोखंड स्वस्त झाल्यावर हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोडत गेला, राया दाटल्या आणि फुले ओसरली. म्हणजे रॉबिन्सन निगेवाचून चालणाऱ्या बागेचा आदर्श ज्या राईत शोधीत होता, ती राई अज्ञात लाकूडतोड्यांच्या निगेचे फळ होती. आणि ज्या वर्षांत तो लिहीत होता, त्याच वर्षांत ती निगा बंद पडत होती.

६

निगेवाचून वाढणाऱ्या सोबत्यांचा दुसरा परिणाम विसाव्या शतकात प्रत्ययास आला. रॉबिन्सनच्या आरंभीच्या शिफारशींत जपानी नॉटवीड व प्रचंड आकाराचे हॉगवीड यांचा समावेश होता. यांपैकी नॉटवीड लावणे सोपे व घालविणे कठीण, हे त्याने पुढे स्वतःच नमूद केले. पण तोवर ते पुष्कळ ठिकाणी पोहोचले होते. १७६३ साली आणलेले पॉन्टिक ऱ्होडोडेंड्रॉन शिकारीच्या पक्ष्यांना आसरा म्हणून रायांत लावले गेले आणि पश्चिम ब्रिटन व आयर्लंड येथील ओकवनांच्या तळाशी त्याने कायमचा अंधार केला. १८३९ साली आलेला हिमालयीन तेरडा नदीकाठी व ओल्या रायांत पसरला. स्पेनकडील ब्लूबेल सतराव्या शतकापासून बागांत होती; देशी ब्लूबेलशी तिचा संकर होऊन त्याची रोपे रायांच्या कडेने दिसू लागली. १९९८ साली देशी ब्लूबेलला कायद्याचे अधिक संरक्षण मिळाले. स्पॅनिश जातीची प्रजननक्षमता तेथे कमी पडते व देशी जात सहजासहजी हटणार नाही, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. तथापि रायांच्या जवळ ती लावू नये, हा सल्ला अद्याप कायम आहे.

या अनुभवातून देशी तेवढेच लावावे, असा पक्ष बळावला. त्याची भाषा मात्र सावधपणे तपासली पाहिजे. परदेशी झाड मोकळ्यावर रुजविण्यास इंग्रजीत जे क्रियापद वापरतात, तेच परकीय माणसास नागरिकत्व देण्यासही वापरतात. वनस्पती व माणूस यांविषयीची भाषा एकमेकींत सहज उतरते, याचा हा साधा पुरावा. ती उतरण कोठवर जाऊ शकते हे १९४२ साली जर्मनीत दिसले. मध्य आशियातून आलेल्या लहान फुलांच्या तेरड्याचे वनांतून समूळ उच्चाटन करण्याची मागणी सॅक्सनीतील काही वनस्पतिज्ञांनी केली आणि त्या मोहिमेची तुलना त्यांनी राष्ट्राच्या चालू युद्धाशी केली. झाडाच्या दोषाचे खापर त्याच्या जन्मभूमीवर फोडले की शास्त्र मागे पडते. याउलट, ज्या स्नोड्रॉपला इंग्लिश माणूस आपल्या हिवाळ्याच्या अखेरीचे प्रतीक मानतो, तो बहुधा बागांतून सुटून रायांत शिरलेला पाहुणा आहे. रानात त्याची नोंद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी सापडत नाही. त्याने कोणास हुसकून लावल्याचे आढळत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रारही नाही.

यावरून निष्पन्न होते ते असे की, सहचराची परीक्षा मूळ प्रदेशावरून नव्हे, तर वर्तनावरून करावी लागते. ते किती वेगाने पसरते, बी कोठवर जाते, पाने केव्हा येतात, सावली किती काळ टिकते, आणि मंदगती शेजाऱ्यास ते जागा ठेवते की नाही, हे प्रश्न महत्त्वाचे होत. मंदगतीचे प्रमाणही येथे ध्यानी घ्यावे. रान-ॲनिमोनी भूमिगत खोडाने पसरते ती शंभर वर्षांत सुमारे सहा फूट. अमेरिकेतील ट्रिलियमला बियापासून फुलापर्यंत पोहोचण्यास सात वर्षांच्या आसपास लागतात. अशा झाडांच्या शेजारी भरधाव पसरणारे झाड लावणे म्हणजे शेजार नव्हे.

७

एकूण इतिहासाचा मागोवा घेता, सहचर पुष्पाची कसोटी प्रथम डोळ्यास काय रुचते ही होती. मग झाडास कोणती जागा मानवते ही झाली. जीकिलच्या हाती तीत ऋतुक्रमाची भर पडली. आणि अखेरीस शेजाऱ्यास जगू देण्याचा गुण तीत आला. नवी कसोटी आली म्हणून जुनी रद्द झाली, असे मात्र नाही. आजही एखाद्या पानझडी राईत वसंतोद्यान करू पाहणाऱ्यास प्रथम छत केव्हा मिटते हे पाहावे लागते. मग त्या अवधीत क्रमाने येणारी फुले व त्यांना पुढे झाकणारे नेचे निवडावे लागतात. पसरणाऱ्या झाडांस आवर घालावा लागतो. आणि रंगाचा विचार यानंतर, पण अवश्य करावा लागतो.

रॉबिन्सनच्या सिद्धांतातील एक शब्द मात्र या इतिहासाने पुसून टाकला आहे, आणि तो म्हणजे ‘निगेवाचून’. वसंतातील फुललेली राई ही कधीच केवळ निसर्गाची कृती नव्हती. फांदी तोडणारा, वाट पाडणारा, जागा मोकळी करणारा कोणीतरी तेथे नेहमी होता, मग इतिहासाने त्याचे नाव नोंदविलेले असो वा नसो. सोबती निवडणे हे लागवडीच्या दिवशी संपणारे काम नव्हे. दर वर्षी, पाने फुटण्यापूर्वी, कोणास ठेवावे व कोणास विरळ करावे हे पुन्हा ठरवावे लागते. आणि ज्या राईत हे ठरविणारे माणूस उरत नाही, त्या राईतील फुले काही दशकांत सावलीखाली नाहीशी होतात.